रानावनातली भटकंती: पाणी किती न्यायचं, कसं शुद्ध करायचं, कसं प्यायचं

रानात दोन-चार दिवस काढायला निघालेले बरेच जण पाण्याचा विचार ‘भरपूर प्या’ एवढ्यावर आटोपतात. मग कोणी विनाकारण तीन-चार किलो जास्तीचं ओझं वाहतं, कोणाची बाटली भर दुपारी कोरडी पडते. कोणी गाळलेलं पाणी पिऊनही पोट बिघडवून घेतं, तर कोणी इतकं साधं पाणी पितं की रक्तातलं मीठ पातळ होऊन चक्कर येते. हे सगळं टाळता येतं. त्यासाठी पुढची कामं याच क्रमाने करा, कारण पहिल्या दोन टप्प्यांतली चूक वाटेवर निस्तरता येत नाही.

## १. घरीच आपला घाम मोजा

प्रत्येकाला घाम वेगळा येतो. एकाच वाटेवर, एकाच उन्हात एकाला तासाला अर्धा लिटर घाम येतो, तर दुसऱ्याला सव्वा लिटर. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. मोजणं सोपं आहे:

१. लघवी करून या, कमीत कमी कपड्यांवर वजन करा.
२. भरलेली सॅक पाठीवर घेऊन, सहलीत असेल तशाच उन्हात आणि चढावर एक तास चाला. प्यायलेलं पाणी मोजून ठेवा.
३. परत आल्यावर अंग पुसा, ओले कपडे काढा, त्याच काट्यावर पुन्हा वजन करा.
४. घटलेल्या वजनात प्यायलेलं पाणी मिळवा.

समजा वजन ६८.४ वरून ६७.८ किलोवर आलं आणि मधे ३०० मिली पाणी प्यायलात. घट ६०० ग्रॅम, अधिक ३०० मिली, म्हणजे तासाला साधारण ९०० मिली घाम. मधे लघवी झाली असेल, तर तेवढं यातून वजा करा.

हा सगळा घाम चालता-चालताच भरून काढायची गरज नसते. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्क्यांपर्यंतची घट बहुतेकांना झेपते. ती त्यापुढे गेली की दम लवकर लागतो आणि निर्णय चुकू लागतात. ७० किलोच्या माणसासाठी ही सीमा १.४ किलो.

मोजणं जमलंच नाही, तर बेताच्या हवेत तासाला अर्धा लिटर आणि कडक उन्हात खड्या चढावर तासाला एक लिटर धरा. मुक्कामाचं पाणी वेगळं मोजा. संध्याकाळचं पिणं, दोन वेळचा साधा स्वयंपाक आणि सकाळचा चहा मिळून माणशी दोन ते तीन लिटर लागतात. कोरडं, पाणी घालून फुगवायचं अन्न नेणार असाल, तर त्याच्या पाकिटावरचं पाण्याचं प्रमाण बघून तेही यात मिळवा.

सावधान: रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी आणि मीठ किती घ्यायचं हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. या लेखातले आकडे निरोगी, प्रौढ माणसासाठी आहेत.

## २. वाट पाणवठ्यांवर तोडा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ‘दिवसाला चार लिटर’ असा हिशोब करून लोक चार लिटर उचलतात, आणि तासाभरात बारमाही ओढा लागतो. उलट, पुढच्या टप्प्यात सहा तास थेंब नसतो, तेव्हा दोनच लिटर घेऊन निघतात. हिशोब दिवसाचा करू नका. तो या पाणवठ्यापासून पुढच्या खात्रीच्या पाणवठ्यापर्यंतचा करा.

नकाशावर वाटेतले सगळे पाणवठे शोधा आणि प्रत्येकापुढे ‘पक्का’ किंवा ‘बेभरवशाचा’ असं लिहा. नकाशावर निळी रेघ आहे म्हणजे आज तिथे पाणी आहे, असं नाही. बरेच ओढे वर्षातले काही महिनेच वाहतात. गेल्या आठवड्याभरात त्या वाटेने गेलेल्या माणसाकडून किंवा वनखात्याच्या चौकीवरून ताजी माहिती मिळाली, तरच पाणवठा पक्का धरा. बेभरवशाच्या पाणवठ्याची किंमत हिशोबात शून्य.

मग प्रत्येक टप्प्याचं पाणी काढा: तास गुणिले तासाची गरज, अधिक एक लिटर राखीव. चार तासांचा टप्पा आणि तासाला ७०० मिली धरलं, तर २.८ अधिक १, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. भांड्यांसकट हे चार किलोंचं ओझं आहे, तेव्हा सॅक भरताना त्याची जागा आधी सोडा. मुक्काम कोरड्या जागी असेल, तर मुक्कामाचं आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या टप्प्याचं पाणीही त्यातच धरावं लागतं.

एक गोष्ट कागदावर लिहूनच निघा: ठरवलेल्या ठिकाणी पाणी मिळालं नाही, तर पुढे जायचं की मागे फिरायचं? तहानलेल्या, थकलेल्या डोक्याला हा निर्णय नीट घेता येत नाही.

तपासणी: प्रत्येक टप्प्यासमोर तास, लिटर आणि ‘मागे फिरण्याची जागा’ या तीन नोंदी आहेत ना? एकही जागा रिकामी असेल, तर नियोजन अपुरं आहे.

## ३. भांडी निवडा आणि वेगळी ठेवा

नळीवाला ब्लॅडर, म्हणजे सॅकमधे ठेवायची पाण्याची पिशवी, सोयीचा असतो, चालताना घोट घेता येतो. पण सॅकमधे असल्यामुळे त्यात किती पाणी उरलं ते दिसत नाही, आणि तो फुटला की सगळं पाणी एकदम जातं, वर झोपायची पिशवीही भिजते. म्हणून ब्लॅडर न्या, पण सोबत रुंद तोंडाची एक लिटरची टणक बाटली असलीच पाहिजे. टप्पे लांब असतील तर घडी होणारी दोन लिटरची पिशवी घ्या. रिकामी असताना तिचं ओझं जाणवतही नाही.

कच्च्या पाण्याचं भांडं पूर्ण वेगळं ठेवा. त्याच्या गळ्याला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे अंधारात बॅटरीच्या उजेडातही ओळखू येतं. त्यात शुद्ध पाणी कधीही भरायचं नाही.

तपासणी: निघण्याच्या आदल्या रात्री सगळी भांडी काठोकाठ भरून, उलटी करून कागदावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला, तर ते भांडं घरीच ठेवा.

## ४. पाणी कुठून भरायचं

वाहतं पाणी साचलेल्यापेक्षा बरं, आणि झऱ्याचं उगमावरचं पाणी त्याहून बरं. ओढ्यावर भरण्याआधी शंभरेक पावलं वर चालत जाऊन बघा. मेलेलं जनावर, मुक्कामाची जागा किंवा गुरं उतरण्याची वाट दिसली, तर तिच्याही वरच्या बाजूला भरा. तळ्यात काठाचा गाळ ढवळू नका आणि वरचा तवंग टाळून पृष्ठभागाच्या थोडं खालून पाणी घ्या. पहाटे आणि तिन्हीसांजेला जनावरं पाण्यावर येतात. शक्यतो त्या वेळा सोडून, बोलत-आवाज करत जा.

काही पाणी रानात उपलब्ध असलेल्या साधनांनी पिण्याजोगं करता येत नाही. खाणीखालचे ओढे, औषधफवारणी होणाऱ्या शेतांतून येणारं पाणी, तेलाचा तवंग असलेलं पाणी, आणि हिरव्या-निळ्या रंगाचा थर सांडल्यासारखा शेवाळतवंग असलेलं तळं. या शेवाळाचं विष उकळूनही जात नाही. खारं पाणी प्यायलं तर ते मिठासोबत शरीरातलंच पाणी बाहेर काढतं. असे पाणवठे नकाशावरून सरळ खोडा.

शौचाला आणि भांडी घासायला पाण्यापासून किमान ६० मीटर लांब जा, आणि त्यानंतर हात साबणाने धुवा. रानातली कितीतरी पोटदुखी पाण्यातून न येता न धुतलेल्या हातांतून येते.

## ५. शुद्ध करा

आधी निवळू द्या. गढूळ पाण्यात शुद्धीकरणाच्या गोळ्या नीट काम करत नाहीत, अतिनील किरणं आत पोचत नाहीत आणि फिल्टर तुंबतो. भांड्यात पाणी अर्धा-एक तास स्थिर ठेवा, हवं तर चिमूटभर तुरटी फिरवा. गाळ तळाला बसला की वरचं पाणी हलक्या हाताने ओतून घट्ट विणीच्या कापडातून गाळा. कापडातून गाळलेलं पाणी स्वच्छ दिसतं, पण ते शुद्ध झालेलं नसतं.

उकळणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय. जिवाणू, विषाणू आणि परजीवी तिन्ही मरतात. पाणी खळखळून उकळू लागल्यापासून एक मिनिट उकळू द्या. २००० मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. तळाला बारीक बुडबुडे दिसले म्हणजे उकळी आली, असं समजू नका. इंधन मात्र बरंच लागतं, त्यामुळे दिवसाचं सगळं पाणी उकळून प्यायचा बेत असेल तर तेवढं इंधन मोजून न्या.

पोकळ तंतूंचा फिल्टर हलका आणि झटपट असतो. ०.१ ते ०.२ मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांतून जिवाणू आणि जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी आरपार जात नाहीत. विषाणू मात्र जाऊ शकतात. माणसांची वस्ती किंवा गर्दीचे मुक्काम वरच्या अंगाला असतील, तर फिल्टरनंतर गोळीही टाका. दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे धार मंदावली की जोर लावून पिशवी पिळणं. तसं न करता स्वच्छ पाणी उलट्या दिशेने सोडून फिल्टर धुवा. दुसरी चूक जास्त घातक. वापरलेला, ओला फिल्टर गोठला तर आतले तंतू फाटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. पाणी पूर्वीसारखंच येतं, कदाचित जरा जास्त वेगाने, पण जंतूंसकट. रात्री गोठायची शक्यता असेल, तर फिल्टर बंद पिशवीत घालून झोपायच्या पिशवीत उराशी घ्या. एकदा गोठल्याची शंका आली, तर तो बाद समजा.

क्लोरीन किंवा क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या राखीव म्हणून प्रत्येकाच्या खिशात असाव्यात. गोळी किती पाण्यासाठी आहे ते वेष्टनावर वाचा. साधारण अर्ध्या तासात जिवाणू आणि विषाणू मरतात. क्रिप्टोस्पोरिडियमवर साध्या क्लोरीनचा आणि आयोडीनचा जवळजवळ परिणाम होत नाही. क्लोरीन डायऑक्साइडने तो मरतो, पण चार तास थांबावं लागतं. पाणी बर्फासारखं गार असेल, तर वेळ आणखी वाढवा. गर्भारपणात किंवा थायरॉइडचा त्रास असल्यास आयोडीन वापरू नका.

सरबताची किंवा क जीवनसत्त्वाची पूड गोळीसोबत टाकणं ही फार नजरेआड राहणारी चूक आहे. क जीवनसत्त्व क्लोरीन आणि आयोडीन दोन्ही निकामी करतं. पूर्ण वेळ भरल्यावरच चव मिसळा.

आणि बाटलीचे आटे विसरू नका. ओढ्यात बुडवलेल्या बाटलीच्या आट्यांमधे, झाकणाखाली कच्च्या पाण्याचे थेंब अडकून राहतात आणि पहिल्याच घोटात पोटात जातात. गोळी विरघळल्यावर झाकण थोडं सैल करा, बाटली उलटी धरा, औषधाचं पाणी आट्यांतून पाझरू द्या, मग झाकण घट्ट लावून घड्याळ लावा. ब्लॅडर असेल तर नळीतूनही थोडं पाणी सोडा.

अतिनील किरणांचा दिवा फक्त नितळ पाण्यासाठी. तो दिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत पाण्यात सतत ढवळा आणि बॅटरीचा भरवसा धरू नका.

जवळ काहीच उरलं नाही, तर दोन लिटरपर्यंतची पारदर्शक प्लास्टिकची बाटली निवळलेल्या पाण्याने भरा आणि कडक उन्हात सहा तास आडवी ठेवा. आभाळ भरलेलं असेल तर सलग दोन दिवस.

तपासणी: आपल्याकडे किमान दोन वेगवेगळ्या पद्धती आहेत का, आणि त्यातली एक बॅटरीशिवाय, इंधनाशिवाय चालते का?

## ६. चालताना कसं प्यायचं

सकाळी निघण्याच्या दोन-तीन तास आधी अर्धा लिटर पाणी थोडं थोडं करून प्या. जादा पाणी तोवर लघवीवाटे निघून जातं. पाणवठ्यावर पोचलात की आधी तिथेच तहान भागवा, मग भांडी भरा. पोटातलं पाणी पाठीवर वाहावं लागत नाही.

वाटेत तहान लागली की प्या. निरोगी माणसाला तहान बऱ्यापैकी खरं सांगते. तरी कडक ऊन, थंडी, उंची, उतारवय आणि लहान मुलं या पाच परिस्थितींत तिच्यावर पूर्ण विसंबू नका. अशा वेळी दर १५-२० मिनिटांनी शंभर-दोनशे मिली घ्या. तासाभरात एक ते सव्वा लिटरच्या वर मात्र जाऊ नका. मूत्रपिंडांना त्यापेक्षा वेगाने पाणी बाहेर टाकता येत नाही.

लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा म्हणजे ठीक. गडद आणि थोडी असेल तर पाणी कमी पडतंय. दिवसभर पाण्यासारखी रंगहीन राहिली तर बहुधा जास्त पिताय. ब जीवनसत्त्वाच्या गोळीने लघवी भडक पिवळी होते, तेव्हा त्यावरून अंदाज बांधू नका. जबर श्रमानंतर काळपट-तपकिरी लघवी झाली, तर स्नायू तुटत असण्याची शक्यता असते. चालणं थांबवा आणि मदत मिळवा.

## ७. मीठ

घामातून मीठ जातं आणि नुसत्या पाण्याने ते भरून येत नाही. दोन तासांच्या आतल्या चालीसाठी वेगळं काही लागत नाही. त्याहून लांब, घाम काढणाऱ्या दिवसात दर तासा-दीड तासाने काहीतरी खारट खा. बहुतेक वेळा एवढं पुरतं.

ओआरएसची पाकिटं जुलाब, उलट्या आणि उन्हाने गळून जाण्यासाठी जवळ ठेवा. पाकीट २०० मिलीचं की एक लिटरचं, हे वाचल्याशिवाय फोडू नका. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट टाकलं तर द्रावण जास्त तीव्र होतं आणि जुलाब वाढू शकतात. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शिगोशीग चमचे नकोत. तयार केलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर ओता.

## ८. थंडी, बर्फ आणि उंची

थंडीत तहान मंदावते, लघवी वाढते, आणि कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाबरोबर वाफ बाहेर जाते. त्यामुळे गार दिवशीही पाणी कमी पडतं. थंडीत गरम पेय जास्त सहज जातं.

बाटली उलटी ठेवा. बर्फ वरच्या अंगाला आधी धरतो, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. ब्लॅडरमधून घोट घेतल्यावर नळीत फुंकर मारून पाणी मागे ढकला.

बर्फ खाऊ नका. तो वितळवायला शरीराची ऊब खर्ची पडते. भांड्यात बर्फ वितळवताना तळाशी आधी दोन-तीन बोटं पाणी घाला आणि त्यात बर्फ थोडा थोडा टाका. कोरड्या भांड्यात भुसभुशीत बर्फ कोंबला तर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास लागतो. ताज्या बर्फाच्या साधारण दहा भांड्यांतून एक भांडं पाणी निघतं, म्हणून घट्ट बसलेला बर्फ किंवा सरळ बर्फाचे तुकडे घ्या. वितळलेलं पाणीही उकळायचंच.

सावधान: उंचीवरची डोकेदुखी पाणी कमी पडल्याने असू शकते, तशीच उंची बाधल्यानेही. पाणी प्यायल्यावर तासाभरात बरं वाटलं नाही, तर वर चढू नका. चाल अडखळू लागली किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर लगेच खाली उतरवा.

## ९. बिघडलं तर: कमी पाणी की जास्त पाणी?

मळमळ, डोकेदुखी, थकवा ही लक्षणं दोन्हींत येतात. चुकीचा उपाय केला तर जीव धोक्यात येतो, म्हणून आधी विचारा: गेल्या चार तासांत किती प्यायलात, लघवी कधी झाली?

पाणी कमी पडलं असेल तर तोंड कोरडं, लघवी थोडी आणि गडद, उभं राहिल्यावर गरगरणं, नाडी जोरात. सावलीत बसवा, ओआरएस घोटाघोटाने द्या. एकदम अर्धा लिटर घशाखाली गेलं तर उलटी होते. तासाभरात सुधारणा दिसायला हवी.

जास्त साधं पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम घटलं असेल, तर माणूस दिवसभर पाणी पीत आलेला असतो. पोट डबडबलेलं, बोटं सुजलेली, अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा आवळू लागलेला. उलटी झाली तर नुसतं पाणी पडतं. अशा वेळी साधं पाणी ताबडतोब बंद करा, खारट खाऊ द्या किंवा थोड्या पाण्यात केलेलं घट्ट खारट सूप द्या, आणि भरपूर लघवी होईपर्यंत आणखी पाणी देऊ नका.

कुठल्याही कारणाने माणूस गोंधळला, बरळू लागला किंवा झटका आला, तर तोंडातून काही देऊ नका. कुशीवर वळवा आणि सुटकेसाठी निरोप पाठवा. अंग भाजत असेल तर उष्माघात धरून तिथल्या तिथे पाण्याने भिजवा, वारा घाला. हलवण्याआधी गार करा.

डोकं दुखलं म्हणून आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या अशा दिवशी घेऊ नका. कोरड्या शरीरात त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.

## १०. पाणी संपत आलं तर

उरलेलं पाणी पुरवून पुरवून बाटलीतच ठेवण्याचा मोह होतो. तहान लागली तर प्या, आणि घाम वाचवा: भर उन्हात सावलीत थांबा, पहाटे किंवा संध्याकाळी चाला, अंग झाकून ठेवा, नाकाने श्वास घ्या. खाणं कमी करा, कारण पचनाला पाणी लागतं. स्वतःची लघवी आणि दारू वर्ज्य.

शुद्ध करायला काही नाही आणि माणूस कोसळायच्या बेतात आहे, तर दिसेल ते गोडं पाणी प्या. जिआर्डियाचा त्रास साधारण एक ते दोन आठवड्यांनी सुरू होतो, तोवर डॉक्टरांपर्यंत पोचता येतं. रसायनांचं, शेवाळतवंगाचं आणि खारं पाणी मात्र या सवलतीतही बसत नाही.

## ११. घरी आल्यावर

वजन करा. घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी पुढच्या काही तासांत, जेवणासोबत प्या. ब्लॅडर आणि नळी साबणाने धुऊन, तोंड उघडं ठेवून वाळवा. नळीत ओल राहिली तर आठवड्याभरात काळी बुरशी धरते. फिल्टर उलट्या धारेने पाणी नितळ येईपर्यंत धुवा, उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात ब्लीचच्या सौम्य पाण्याने विसळा आणि पूर्ण कोरडा करून ठेवा. ओआरएसच्या आणि गोळ्यांच्या पाकिटांवरच्या मुदतीच्या तारखा तेव्हाच बघून घ्या. संपत आलेली पाकिटं सॅकमधून लगेच बाहेर काढा.